शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करताय? माणसांशी वागताना या चुका टाळा

पीएच.डी. रखडली की बहुतेक जण संख्याशास्त्राचं नाव पुढे करतात. टी-चाचणी कळत नाही, एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर जमत नाही. जरा निवांत बसून विचारलं की खरी अडचण बाहेर येते. गाईडला फोन करायचा धीर होत नाही. मुख्याध्यापक 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतात आणि तो आठवडा उगवतच नाही. शिक्षकांनी प्रश्नावल्या भरून दिल्या, पण सगळ्यांची उत्तरं सारखीच. कामाचा आढावा घेणाऱ्या संशोधन सल्लागार समितीने प्रश्न विचारला आणि तोंडातून शब्द फुटला नाही.

आपल्या विषयाचं वेगळेपण असं की आपली सगळी माहिती माणसांकडून येते. शिक्षक, मुलं, पालक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे अधिकारी) यांपैकी कोणीही आपल्याला बांधील नसतं. त्यांनी वेळ दिला तरच प्रबंध उभा राहतो. म्हणून शिक्षणशास्त्राच्या संशोधकासाठी संवाद हा संशोधनपद्धतीचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. नेतृत्वाचंही तसंच. पद नसताना, हुकूम सोडायचा अधिकार नसताना, दुसऱ्यांच्या वेळेची जबाबदारी घेणं म्हणजे संशोधकाचं नेतृत्व. खालच्या बहुतेक चुका ही जबाबदारी विसरल्यामुळे होतात.

गाईडला 'चॅप्टर पाठवलाय, कृपया बघावे' एवढंच कळवणं

दोन-तीन महिने काहीच संपर्क नाही आणि मग एकदम साठ पानांची फाइल, सोबत ही एक ओळ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक असू शकतात. त्यात एम.एड.चे लघुप्रबंध, तास, परीक्षा आणि नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कामं. साठ पानांत नेमकं काय बघायचं हे समजलं नाही की फाइल मागे पडते. विद्यार्थ्याला वाटतं, सर नाराज आहेत. मग तो आणखी गप्प राहतो. या मौनात एक सत्र सहज निघून जातं.

त्याऐवजी असा निरोप लिहून पाहा:

'मॅडम, नमस्कार. प्रकरण 3 मधला नमुना निवडीचा भाग (पान 4 ते 9) ई-मेलने पाठवला आहे. निवडलेल्या 24 शाळांपैकी 6 शाळा एकशिक्षकी निघाल्या. त्या ठेवायच्या की वगळायच्या, एवढाच प्रश्न आहे. मला वगळाव्यात असं वाटतं, कारण पान 7 वर दिलं आहे. शुक्रवारी दुपारी तीननंतर दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?'

किती वाचायचं, काय ठरवायचं, विद्यार्थ्याचं स्वतःचं मत काय आणि वेळ किती लागेल, हे सगळं या सहा ओळींत आहे. असा निरोप दुर्लक्षिला जाण्याची शक्यता फार कमी. भेट किंवा फोन झाला की त्याच संध्याकाळी ठरलेले मुद्दे लिहून पाठवा. 'आज ठरलं ते असं, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळवावं.' महिन्याभराने दोघांच्या आठवणी वेगवेगळ्या निघाल्या तर ही नोंदच कामाला येते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट टोकाची: प्रत्येक सूचनेला 'हो सर'. आपल्याकडे गाईडशी असहमती दाखवणं म्हणजे उद्धटपणा, असं मनात पक्कं बसलेलं असतं. न पटलेली सूचना मान डोलावून स्वीकारायची आणि घरी येऊन ती टाळत राहायचं, यात तर दोघांचंही नुकसान होतं. असहमती मांडताना पुरावा पुढे ठेवावा. 'सर, तुम्ही सुचवलेली चाचणी एका शाळेत वापरून पाहिली. चौथीच्या मुलांना सूचनाच कळल्या नाहीत, अर्ध्या मुलांनी पहिलं पान कोरं सोडलं. उत्तरपत्रिका घेऊन आलोय, एकदा बघाल का?' यात मान राखला जातो आणि निर्णय कागद समोर ठेवून होतो. इतकं करूनही संबंध बिघडलेच असतील, तर कॅन्टीनमध्ये कुजबुजण्याऐवजी विभागप्रमुखांना लेखी द्या.

परवानगीचं पत्र हातात आलं म्हणजे दार उघडलं असं समजणं

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मग मुख्याध्यापक हा रस्ता बहुतेकांना ठाऊक असतो. खासगी अनुदानित शाळेत संस्थेचीही संमती लागते. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, तिथे प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. ते न विचारता शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारे संशोधक दरवर्षी दिसतात.

पण सही-शिक्क्याचं पत्र फक्त शाळेच्या फाटकापर्यंत नेतं. वर्गात काय घडेल ते शिक्षकाच्या मनावर असतं. 'साहेबांचं पत्र आहे' असं म्हणत जो आत शिरतो, त्याला शिक्षक तपासणीला आलेला माणूस समजतात. मग वह्या नीट लावल्या जातात, हुशार मुलं पुढे बसवली जातात आणि तुम्हाला हवा तो रोजचा वर्ग दिसतच नाही.

पहिल्या भेटीला प्रश्नावली नेऊच नका. मुख्याध्यापकांशी आणि वर्गशिक्षकांशी बोला. काय करणार आहात, मुलांचे किती तास जातील, कुणाचं नाव कुठे येणार नाही, हे साध्या भाषेत सांगा. मग विचारा: 'कोणते दिवस तुम्हाला अडचणीचे आहेत?' या एका प्रश्नाने पुढच्या पाच चकरा वाचतात. संकलित मूल्यमापन, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरण्याचे दिवस, फेब्रुवारीच्या आसपासची शिष्यवृत्ती परीक्षा, निवडणुकीची कामं या काळात शिक्षकाकडे तुमच्यासाठी वेळ नसतो, आणि तो मागणं बरोबरही नाही.

याच गप्पांमध्ये अशा गोष्टी कळतात ज्या संशोधन आराखड्यात कुणी लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांचंच बघा. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि अनेक मुलंही सोबत जातात. सप्टेंबरमध्ये पूर्वचाचणी आणि जानेवारीत उत्तरचाचणी ठेवली, तर नमुन्यातली बरीच मुलं उसाच्या फडावर असतात. हजेरीपटावर नाव असतं, पण मूल वर्गात नसतं. हे गावातल्या कुठल्याही शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, ती मुलांचा दिवस कसा जातो हे आधी पाहिल्यामुळेच. वेळापत्रक समोरच्याच्या जगण्याला जुळवून घ्यायचं असतं, हे संशोधकालाही तितकंच लागू आहे.

पालकांच्या संमतीबद्दलही घाई होते. विद्यापीठाच्या नमुन्यातलं जड भाषेतलं संमतीपत्र मुलांच्या दप्तरात टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी सह्या गोळा करायच्या, ही संमती नव्हे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या, पत्र वाचून दाखवा आणि 'नाही म्हटलं तरी मुलाच्या गुणांवर काही परिणाम होणार नाही' हे वाक्य दोनदा सांगा.

प्रश्नावलीत परिपत्रकाची भाषा

'आपण अध्यापनात ज्ञानरचनावादी पद्धतीचे उपयोजन करता का? नेहमी / कधीकधी / कधीच नाही.' ज्ञानरचनावाद म्हणजे मुलांनी स्वतः करून, अनुभवातून शिकणं. या प्रश्नावर जवळजवळ सगळे शिक्षक 'नेहमी'वर खूण करतात. त्यांना खोटं बोलायचं नसतं. प्रश्नच असा आहे की 'कधीच नाही' म्हणणं म्हणजे स्वतःविरुद्ध लेखी देणं. असे चाळीस प्रश्न आले की कोष्टकात सगळं उत्तम दिसतं आणि हाती काहीच लागत नाही.

हाच प्रश्न असा करता येतो: 'गेल्या आठवड्यातला गणिताचा एक तास आठवा. मुलं कशी बसली होती? त्यांनी काय केलं? दोन-तीन ओळींत लिहा.' लिहायला वेळ जास्त लागतो हे खरं, म्हणून प्रश्न कमी ठेवा. बारा नेमके प्रश्न चाळीस मोघम प्रश्नांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात. छापण्याआधी नमुन्याबाहेरच्या दोन शिक्षकांना प्रश्नावली मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतात, तिथे शब्द बदला.

तुम्हीच साहेब असताना आपल्याच माणसांकडून माहिती घेणं

शिक्षणशास्त्रात नोकरी करत पीएच.डी. करणारे पुष्कळ. त्यात मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, बी.एड. कॉलेजचे प्राचार्यही असतात. सोय म्हणून ते आपल्याच केंद्रातल्या किंवा कॉलेजातल्या लोकांना प्रश्नावल्या वाटतात. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे, त्याला कोण मनातलं लिहून देईल?

उपाय अवघड नाही. शक्य असेल तर शेजारचं केंद्र किंवा दुसरा तालुका निवडा. ते जमत नसेल तर माहिती दुसऱ्या कुणीतरी गोळा करावी, नाव लिहायला लावू नये, पाकीट बंद करून घ्यावं. आणि हे सगळं प्रबंधात मर्यादांच्या भागात स्पष्ट लिहावं. पदामुळे लोक तुमच्यासमोर कसे बदलतात हे ज्याला दिसतं, तोच पुढे चांगला प्राचार्य किंवा अधिकारी होतो, असा माझा विश्वास आहे.

समितीपुढे स्लाइड वाचत सुटणं

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला सादरीकरण असतं. पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि संशोधक साठ स्लाइड घेऊन येतो. पहिल्या दहा मिनिटांत शिक्षणाच्या व्याख्या आणि आयोगांचा इतिहास होतो. कामाच्या गोष्टीवर येईपर्यंत घड्याळ संपतं.

समितीला तीन गोष्टी ऐकायच्या असतात: मागच्या वेळी काय सुचवलं होतं, त्यानंतर काय केलं, आता कुठे अडलंय. तिथूनच सुरुवात करा. पूर्ण कोष्टक पडद्यावर टाकू नका. ज्या दोन आकड्यांबद्दल बोलायचंय तेवढेच मोठ्या अक्षरात ठेवा आणि बाकीचं छापील प्रतीत द्या.

'यात नवीन काय?' हा प्रश्न येणारच. त्यावर 'या विषयावर आमच्या जिल्ह्यात संशोधन झालेलं नाही' हे उत्तर पुरेसं नाही, कारण जिल्हा बदलला म्हणून प्रश्न नवा होत नाही. तुमच्या जिल्ह्यात असं काय आहे ज्यामुळे उत्तर वेगळं येऊ शकेल, ते सांगा: दोन भाषांचे वर्ग, स्थलांतर, आश्रमशाळा, एकशिक्षकी शाळा. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) तुमच्या विषयाचे आधीचे प्रबंध नीट वाचले असतील तर हे उत्तर आपोआप तयार होतं.

टीका झाली की लगेच स्वतःचा बचाव करू नका, नुसतं 'नोंद घेतो' म्हणून खालीही बसू नका. प्रश्न आपल्या शब्दांत परत मांडा: 'तुमचं म्हणणं असं का, की दोन्ही गटांना एकाच शिक्षकाने शिकवायला हवं होतं?' यात विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि प्रश्न नीट समजला का तेही कळतं. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगून 'कुठे शोधता येईल' हे विचारा. विभागातल्या इतरांच्या सादरीकरणांना आणि मौखिकींना (प्रबंधावरच्या तोंडी परीक्षांना) जाऊन बसा. मौखिकी खुली असते, तरी खुर्च्या बहुधा रिकाम्याच दिसतात.

मराठीतून शिकलेले अनेक जण चर्चासत्रात इंग्रजीच्या धास्तीने पेपर वाचून दाखवतात. जिथे मराठीला परवानगी आहे तिथे खुशाल मराठीत बोला. जिथे नाही, तिथे आपलं संशोधन चार-पाच साध्या इंग्रजी वाक्यांत सांगायची तयारी ठेवा आणि ती वाक्यं कागदाशिवाय बोलता येईपर्यंत म्हणून पाहा.

एम.एड.च्या विद्यार्थ्यांना फुकटचे मदतनीस समजणं

याबद्दल थोडक्यात. माहिती गोळा करायला ज्युनिअर्सना पाठवायचं असेल तर आधी त्यांना अर्धा दिवस प्रशिक्षण द्या, प्रवासखर्च द्या, काय शिकायला मिळेल ते सांगा. ऋणनिर्देशात नाव घ्या. कुणी लेखनात खरोखर भाग घेतला असेल तर पेपरवर त्याचं नाव यायलाच हवं आणि कुणी काहीच केलं नसेल तर ते येता कामा नये, मग ती व्यक्ती कितीही मोठ्या पदावर असो. हे पेपर लिहिण्याआधी बोलून ठरवा, लिहून झाल्यावर वाद टळत नाहीत.

निष्कर्ष शाळेत परत न नेणं

मला सर्वात जास्त खटकणारी चूक ही. प्रबंध विद्यापीठात जमा होतो, शोधगंगेवर चढतो, पदवी मिळते. ज्या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून प्रश्नावली भरली, त्यांना पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. पुढचा संशोधक त्याच शाळेत जातो तेव्हा दार अर्धंच उघडतं.

एक पान पुरतं. साध्या मराठीत लिहा: काय पाहिलं, काय दिसलं, वर्गात उद्यापासून वापरता येतील अशा दोन गोष्टी. शाळांची नावं नकोत, शाळा ओळखू येतील असे तपशीलही नकोत. छोट्या केंद्रात 'नदीपलीकडची दोनशिक्षकी शाळा' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. केंद्राची शिक्षण परिषद दरमहा भरते. केंद्रप्रमुखांना आधी भेटून तिथे वीस मिनिटं मागा. दहा मिनिटं तुम्ही बोला, दहा मिनिटं शिक्षकांना बोलू द्या. 'आमच्याकडे असं होत नाही' असं कुणी म्हटलं तर वही काढा आणि त्यांच्याकडे काय होतं ते विचारा.

जमलं तर हे प्रबंध जमा करण्याआधीच, प्री-सबमिशनच्या (जमा करण्यापूर्वीच्या सादरीकरणाच्या) अगोदर करा. तुमच्या एखाद्या निष्कर्षाचा अर्थ शिक्षक वेगळाच लावतील, आणि कधी कधी तोच बरोबर असेल. तेव्हा निष्कर्षांचं प्रकरण दुरुस्त करायला वेळ हाताशी असतो.