घरशाळा: आधी फळा विकत घेऊ नका

लेकीला चौथीनंतर शाळेतून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मी फळा, खडू आणि चक्क एक घंटी घेऊन आले. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा मराठी. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "आई, शाळेत निदान मधल्या सुट्टीत मैत्रिणी तरी असायच्या." त्या फळ्यावर आता दुधाचा हिशेब असतो.

म्हणून पहिले दोन महिने काही शिकवू नका. मूल उशिरा उठेल, दिवसातून वीसदा "कंटाळा आला" म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही फक्त एक वही घाला आणि रोज रात्री तीन ओळी लिहा: आज काय विचारलं, काय केलं, कशात रमली. घाबरलात की हीच वही उघडायची. आणि घाबराल, हे नक्की.

आमचं गणित सासऱ्यांनी मार्गी लावलं. तात्यांना पावकी, निमकी, सव्वाकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे, अजून तोंडपाठ आहेत. मंडईत वांगी ६० रुपये किलो असली की पिशवी धरून विचारतात, "सव्वा किलोचे किती?" लेक आधी बोटांवर मोजायची, आता भाजीवालीच्या आधी "पंचाहत्तर" म्हणते. "सात दीड साडेदहा" हे पाठ असलेल्या मुलीला अपूर्णांकांची भीती वाटली नाही, तिला ते ओळखीचेच वाटले. तुमच्या घरातही असं कोणाकडे काहीतरी असेलच. ते आधी शोधा, क्लास नंतर.

बसून अभ्यास दीड-दोन तास पुरतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. धडे कोणत्या क्रमाने घ्यायचे ते आमच्याकडे लेक ठरवते.

उरलेल्या वेळाचं काय करायचं? आम्ही साताऱ्यात राहतो, कास पठार पंचवीसेक किलोमीटरवर. सप्टेंबरात शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसंच जास्त दिसतात, म्हणून आम्ही मंगळवारी जातो. गेल्या वेळी सीतेच्या आसवांच्या जांभळ्या गालिच्यापाशी तिला सांगितलं की ही झाडं मांसाहारी आहेत, ओल्या मातीत इवल्या फुग्यांसारख्या पिशव्यांत बारीक जीव पकडतात. "एवढं गोड नाव आणि असले धंदे!" म्हणत ती तासभर पोटावर पडून होती. पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता, आणि मीही दुसरा काढला नाही.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपून ठेवा. पुढे राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, द्यायची झाली तर तो लागतो. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेची: १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, माध्यम मराठी घेता येतं, निदान एका भाषेसह पाच विषय, आणि परीक्षा वर्षातून दोनदा. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, हे मला सर्वांत आवडलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात नाही. तो कायदा एकदा स्वतः वाचा, म्हणजे जाऊबाईंच्या प्रश्नांना उत्तर देता येतं.

"मुलं एकलकोंडी होतील" हा प्रश्न तर ठरलेलाच. आमची रोज पाचला मल्लखांबाला जाते आणि दिवेलागणीनंतर हाका मारूनही येत नाही.

खरी अडचण आईची होते, ते कोणी सांगत नाही. मी घरून चार व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरते. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्न भरायची मुदत, जवळ आली की माझी शाळा बंद, आणि नवऱ्याने त्या दिवसांत सुट्टी घ्यायची, हे आम्ही आधीच ठरवून घेतलं. तुम्हीही ठरवा, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोंडी कबुली महिनाभरही टिकत नाही. मागच्या २० तारखेला नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा लेकीला शेजारी बसवून किराणावाल्याची बिलं तारखेवार लावायला दिली. एक बिल दोनदा आलं होतं, ते तिनेच काढून दिलं. मग मजुरी मागितली. दिली.