छोट्या बोर्डांचा घरगुती सर्व्हर क्लस्टर कसा उभारावा

क्लस्टर म्हणजे एकत्र काम करण्यासाठी नेटवर्कने जोडलेले संगणक. इथे ते रास्पबेरी पायसारखे, एकाच बोर्डवर मावणारे. तीन छोटे बोर्ड जोडले की तिप्पट वेगाचा संगणक तयार होतो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. व्हिडिओ कन्व्हर्ट करणारा प्रोग्रॅम एका बोर्डवर जेवढा वेळ घेतो तेवढाच क्लस्टरवरही घेणार, कारण शेवटी तो चालणार एकाच बोर्डवर. काम तुकड्यांत वाटता येईल असं मुद्दाम लिहिलं असेल तरच वेग वाढतो. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात १६ साधे पीसी इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ क्लस्टर उभा राहिला, तो असल्याच वाटून करता येणाऱ्या गणितांसाठी.

घरच्या क्लस्टरचे फायदे दोन. एखादा बोर्ड मेला तरी सेवा चालू राहते आणि सर्व्हर सांभाळायचं काम हाताला सवयीचं होतं. यातलं काहीच नको असेल, नुसते फोटो साठवायचे आणि जाहिराती अडवायच्या असतील, तर सरळ एक वापरलेला मिनी पीसी घ्या. तो जास्त वेगवान असेल आणि डोकंही कमी खाईल. तरीही क्लस्टरच हवा असेल तर पुढे वाचा.

बोर्ड किती घ्यायचे?

तीन. हा आकडा हौसेचा नाही. आपण वापरणार आहोत के३एस, म्हणजे कुबरनेटीजची हलकी आवृत्ती. कुबरनेटीज कुठलं अॅप कुठल्या बोर्डवर चालवायचं ते ठरवतं आणि बोर्ड पडला तर ते दुसरीकडे सुरू करतं. क्लस्टरमध्ये काय कुठे चालू आहे याची नोंद ते एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवू शकतं. ही नोंद प्रत्येक सर्व्हर बोर्डवर, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या बोर्डवर, असते आणि कुठलाही बदल बहुमताने मंजूर व्हावा लागतो. दोन बोर्डांत बहुमत म्हणजे दोन, त्यामुळे एक पडला की सगळं ठप्प. म्हणजे दोन सर्व्हर हे एकापेक्षाही वाईट, कारण बिघडू शकणाऱ्या वस्तू दुप्पट झाल्या. तीनमध्ये एक गेलेला चालतो. चारमध्ये बहुमत तीनचं, म्हणजे तिथेही एकच गेलेला चालतो, चौथ्याने काही मिळवलं नाही. पाच असतील तर दोन जाऊ शकतात. चौथा बोर्ड हाताशी असेलच तर त्याला सर्व्हर करू नका, साठवणुकीला लावा. त्याबद्दल पुढे येतंच.

बोर्ड कुठला? रास्पबेरी पाय ४ किंवा ५, किमान ४ जीबी रॅमचा. इतर कंपन्यांचे बोर्ड कागदावर अनेकदा सरस दिसतात, पण पहिल्या क्लस्टरला मी ते सुचवणार नाही. अडचण आली की उत्तर शोधावं लागतं, आणि पायबद्दलची उत्तरं सगळीकडे सापडतात. तिन्ही बोर्ड एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे सुटे भाग एकमेकांना चालतील.

वीज

घरगुती क्लस्टरचे गूढ आजार बहुतेक वेळा इथून सुरू होतात, म्हणून इथे घाई नको. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियर लागतात. पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्ट ५ अँपियर. अनेक पोर्टांचा मोबाइल चार्जर घेऊन सगळे बोर्ड त्याच्यावर टाकायचा मोह होतो. घ्यायचाच तर बाहेर मोठ्या अक्षरात छापलेल्या एकूण वॅटकडे बघू नका, एका पोर्टला ५ व्होल्टवर किती अँपियर मिळतात ते बारीक अक्षरात वाचा. बरेच पोर्ट २.४ अँपियरवर थांबतात. बोर्ड त्यावरही सुरू होतो, दिवा लागतो, लॉगिन होतं. मग रात्री बॅकअपचा भार पडला की एक बोर्ड गायब होतो आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

यूएसबीवर एसएसडी लावणार असाल तर आणखी एक हिशेब आहे. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपियर देतात. पाय ५ ला ३ अँपियरचाच पुरवठा दिला तर तो यूएसबीसाठी फक्त ६०० मिलीअँपियर सोडतो, आणि तेवढ्यावर बरेच एसएसडी अडखळतात.

इथरनेटच्या केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच हा दुसरा, सुटसुटीत मार्ग. बोर्डामागे एकच वायर राहते. यात ८०२.३एएफ मानकात उपकरणापर्यंत १२.९५ वॅट पोहोचतात, ८०२.३एटीमध्ये २५.५ वॅट. एसएसडी लावायचा असेल तर दुसराच घ्या. शिवाय पाय ४ ची पीओई हॅट, म्हणजे बोर्डवर बसवायची जोडपाटी, पाय ५ वर बसत नाही, पिनांची जागा बदलली आहे.

वीज पुरते की नाही हे बोर्डालाच विचारता येतं. ‘व्हीसीजेनसीएमडी’ कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ असं विचारलं की एक आकडा मिळतो. ०एक्स० आला तर सगळं ठीक. ०एक्स५०००० आला तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेगही उतरवावा लागला होता. शेवटी ५ असलेला ०एक्स५०००५ आला तर ते या क्षणी चालू आहे. बोर्डाच्या दृष्टीने ४.६३ व्होल्टच्या खाली म्हणजे कमी. ही तपासणी भार टाकून करा, निवांत बसलेला बोर्ड नेहमीच ठणठणीत दिसतो.

तापमानाचं सोपं आहे. ८० अंश सेल्सिअसला बोर्ड स्वतःच वेग कमी करू लागतो. एकावर एक रचणार असाल तर हीटसिंक आणि एक मोठा, हळू फिरणारा पंखा लावा.

डिस्क आणि नेटवर्क

एसडी कार्डावर एटसीडी चालवू नका. एटसीडी प्रत्येक बदल डिस्कवर पक्का लिहिला गेल्याची खात्री झाल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि हे छोटं छोटं लिहिणं दिवसभर चालू असतं. कार्ड त्यात मंदही पडतं आणि झिजतंही. एका बोर्डचं लिहिणं रेंगाळलं की बाकीच्यांना वाटतं तो मेला, मग बदलांची सूत्रं सांभाळणारा नवा नेता बोर्ड निवडायची धावपळ, आणि क्लस्टर विनाकारण हेलकावे खातो. प्रत्येक बोर्डला छोटा का होईना एसएसडी द्या. पाय ४ ला निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टवर. पाय ५ ला पीसीआयई जोडणी आहे, तिथे हॅट लावून एनव्हीएमई एसएसडी बसवता येतो. दोन्ही बोर्ड थेट एसएसडीवरून बूट होतात, कार्ड लागतच नाही.

स्विच गिगाबिट असावा. पाच पोर्टांच्या स्विचमधला एक पोर्ट राउटरकडे जातो हे विकत घेतानाच धरा. वाय-फायवर क्लस्टर जोडू नये. राउटरमध्ये जाऊन प्रत्येक बोर्डचा आयपी पत्ता त्याच्या मॅक पत्त्याशी (नेटवर्क चिपच्या ठरलेल्या क्रमांकाशी) कायमचा बांधून टाका. पुढे पत्ता बदलला तर एटसीडीचे सदस्य एकमेकांना ओळखणार नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिम

रास्पबेरी पाय इमेजर उघडा आणि ६४ बिटची लाइट आवृत्ती निवडा, डेस्कटॉपची गरज नाही. लिहिण्याआधी सेटिंगमध्ये होस्टनेम, युजर आणि एसएसएच की (दुरून लॉगिन करायची किल्ली) भरा. पूर्वीसारखा ‘पाय’ हा तयार युजर २०२२ पासून मिळत नाही. होस्टनेम वेगवेगळे द्या: नोड१, नोड२, नोड३. एक डिस्क नीट तयार करून तिच्याच प्रती काढायचा शॉर्टकट टाळा. प्रतींसोबत होस्टनेम, मशीन आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्याही सारख्याच येतात, आणि एकाच नावाचे दोन नोड, म्हणजे क्लस्टरमधले बोर्ड, के३एसला चालत नाहीत.

बूट झाल्यावर सिस्टिम अपडेट करा. मग नवखे हमखास अडकतात ती जागा: कंटेनरच्या, म्हणजे अॅप ज्या वेगळ्या कप्प्यात चालतं त्याच्या, मेमरीवर मर्यादा घालणारी कर्नलची सोय इथे मुळात बंद असते. बूटच्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये ‘सीएमडीलाइन’ नावाची टेक्स्ट फाइल आहे. तिच्यात ‘सीग्रुप मेमरी’ आणि ‘सीग्रुप एनेबल’ हे दोन पर्याय घालायचे असतात, के३एसच्या कागदपत्रांत ते जसेच्या तसे दिले आहेत. ही अख्खी फाइल एकाच ओळीची असते. पर्याय त्या ओळीच्या शेवटी, एक स्पेस सोडून लिहायचे. एंटर मारून खालच्या ओळीवर लिहिले तर ते वाचलेच जात नाहीत, चूक झाल्याचा संदेशही येत नाही आणि के३एस पुन्हा पुन्हा सुरू होऊन पडत राहतं.

घड्याळही बघून घ्या. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज जाऊन आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत बोर्ड भूतकाळात असतो, आणि ओळख पटवणारी प्रमाणपत्रं ‘अजून वैध नाहीत’ म्हणून नोड एकमेकांना नाकारतात. काही मिनिटं थांबलात तर बहुधा आपोआप सुरळीत होतं.

के३एस बसवणे

इन्स्टॉल करायची एका ओळीची स्क्रिप्ट के३एसच्या संकेतस्थळावर आहे. पहिल्या बोर्डवर ती ‘सर्व्हर’ म्हणून चालवा आणि सोबत ‘क्लस्टर-इनिट’ पर्याय द्या. तो विसरलात तर एटसीडीऐवजी साधा एसक्यूलाइट डेटाबेस वापरला जातो, आणि त्यात दुसरा सर्व्हर जोडता येत नाही. टोकन म्हणून, म्हणजे बाकीचे बोर्ड जोडताना लागणारा पासवर्ड म्हणून, एक लांबलचक शब्द स्वतःच ठरवून द्या आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये जपून ठेवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बोर्डवर तीच स्क्रिप्ट, तेच टोकन, आणि ‘सर्व्हर’ पर्यायात पहिल्या बोर्डचा पत्ता, पोर्ट ६४४३. नेटवरचे बरेच नमुने इथे ‘के३एस यूआरएल’ हे व्हेरिएबल वापरतात. नुसतं ते दिलं तर बोर्ड जोडला जातो खरा, पण नुसती अॅप्स चालवणारा एजंट म्हणून, बहुमतात त्याला मत नसतं. त्यामुळे तिन्ही जोडून झाले की ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ चालवा आणि ‘रेडी’वर न थांबता शेजारचा भूमिकेचा रकाना वाचा. तिन्हींसमोर ‘कंट्रोल-प्लेन’ आणि ‘एटसीडी’ दिसलं पाहिजे. एखाद्यासमोर ‘नन’ असेल तर तो एजंट आहे. के३एस काढून टाकायची स्क्रिप्ट तिथे आधीच बसलेली असते, ती चालवून पुन्हा करा.

बोर्डांवर फायरवॉल असेल तर आपापसांत टीसीपी ६४४३, २३७९, २३८० आणि १०२५०, तसंच यूडीपी ८४७२ मोकळे ठेवा. यातलं काहीही राउटरवरून इंटरनेटला उघडू नका. बाहेरून यायचं असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा.

साठवणूक

के३एससोबत येणारी ‘लोकल पाथ’ साठवणूक डेटा त्याच बोर्डच्या डिस्कवर ठेवते. म्हणजे अॅपचा डेटा नोड२ वर असेल आणि नोड२ मेला, तर ते अॅप दुसरीकडे जाऊच शकत नाही. क्लस्टर जिवंत, अॅप मात्र अडकलेलं. यावर दोन उपाय आहेत. लाँगहॉर्नसारखं सॉफ्टवेअर डेटाच्या प्रती अनेक बोर्डांवर ठेवतं, पण रॅम आणि नेटवर्कही चांगलंच खातं. दुसरा म्हणजे तो चौथा बोर्ड किंवा एखादा नॅस (नेटवर्कवरचं साठवणुकीचं यंत्र) घेऊन एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर फाइल्स वाटायच्या पद्धतीने, सगळ्यांना एकच डिस्क देणे. मी सुरुवातीला एनएफएसच सुचवेन, कारण बिघडलं तर कुठे बघायचं हे कळतं. मात्र तो नॅस पडला तर सगळं पडतं, हे मान्य करून पुढे जायचं. एसक्यूलाइट वापरणारी अॅप्स एनएफएसवर ठेवू नका, फाइल लॉक करण्यात गडबड होऊन डेटाबेस खराब होऊ शकतो.

अॅप निवडताना त्याची इमेज (कंटेनरची तयार फाइल) ‘आर्म६४’साठी, म्हणजे पायच्या प्रोसेसरसाठी, आहे का ते बघा. नसेल तर बहुधा लॉगमध्ये ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढंच दिसेल.

प्लग ओढून बघा

एक साधं वेब अॅप दोन प्रतींत चालू करा. लॅपटॉपवर त्याचं पान उघडा आणि एका बोर्डचा प्लग सरळ ओढा. पहिल्या मिनिटभरात नोड ‘नॉट रेडी’ होईल, पण त्यावरचे पॉड, म्हणजे अॅपच्या चालू प्रती, लगेच हलणार नाहीत. बोर्ड परत येईल या आशेने कुबरनेटीज मुळात ३०० सेकंद वाट बघतं. ही पाच मिनिटं थांबायचा धीर नसल्याने बरेच जण ‘चालत नाही’ म्हणून प्लग परत लावतात. दोन प्रती वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर तेवढा वेळ दुसरी प्रत काम निभावते. हा काळ अॅपच्या फाइलमध्ये कमी करता येतो.

मग नेमका नोड१ ओढून बघा. लॅपटॉपवरची क्यूबसीटीएल कमांड बंद पडली, पानही उघडेना, असं होण्याची दाट शक्यता आहे. क्लस्टर शाबूत असतो. लॅपटॉपवरच्या सेटिंग फाइलमध्ये आणि घरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) फक्त नोड१ चा पत्ता लिहिलेला असतो, म्हणून असं होतं. क्यूब-व्हीआयपी वापरून तिन्ही बोर्डांमध्ये फिरता राहणारा एक सामाईक पत्ता घ्या, तो ‘टीएलएस-सॅन’ पर्यायाने प्रमाणपत्रात घाला आणि सगळीकडे तोच लिहा. स्विच, राउटर आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र एकेकच राहतात, त्यांच्यासाठी एक छोटा यूपीएस पुरेल.

एटसीडी असलेला के३एस दर १२ तासांनी स्वतःच त्या नोंदीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतो आणि शेवटचे पाच ठेवतो, पण ठेवतो त्याच बोर्डच्या डिस्कवर. ते रोज दुसऱ्या यंत्रावर कॉपी होतील अशी सोय करा. परत उभं करताना स्नॅपशॉटसोबत ते टोकनही लागतं. अॅप्सचा डेटा या स्नॅपशॉटमध्ये नसतो, त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. आवृत्ती बदलताना एका वेळी एकच बोर्ड घ्या, आणि तो ‘रेडी’ दिसल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.