दुधाच्या पिशवीचा कोपरा : मुलांना प्लॅस्टिकची गोष्ट सांगताना

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून दंड सुरू झाला. शाळांना या विषयावर बोलणारी माणसे हवी होती आणि तेव्हापासून मी पुणे व रत्नागिरी जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत गोष्टींच्या आधारे हे काम करते आहे. या कामात नव्याने येणारे तरुण मला विचारतात, की नेमकी कोणती गोष्ट सांगावी. ऐकणाऱ्या मुलाला जी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या घरात पुढे नेता येते ती सांगावी, हे माझे आजचे उत्तर आहे. पहिल्या वर्षी मला ते ठाऊक नव्हते.

त्या वर्षी मी मुलांना पोटात पिशव्या सापडलेल्या गाईंची आणि जाळ्यात अडकलेल्या कासवांची छायाचित्रे दाखवीत असे. वर्ग स्तब्ध होई, काही मुली रडत आणि मला वाटे, की काम झाले. महिन्याभराने त्याच शाळेत गेले तेव्हा मुलांना छायाचित्रे आठवत होती, पण घरात काहीही बदललेले नव्हते. भीती मनात राहते, पण तिला करण्यासारखे काही मिळाले नाही, की मूल तिच्याकडे पाठ फिरवते. दुसरी चूक आकड्यांची होती. प्लॅस्टिक कुजायला पाचशे वर्षे लागतात, असे मी ठामपणे सांगितले, तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, की प्लॅस्टिकचा शोध लागून इतकी वर्षे झालेली नसताना हे कोणी पाहिले? त्याचे बरोबर होते. पिशव्यांचे पॉलिथीन कारखान्यात करता येईल अशा रीतीने पहिल्यांदा तयार झाले ते १९३३ साली. कुजण्याच्या मुदतीचे आकडे हे अंदाज आहेत आणि ते अंदाज म्हणूनच सांगायला हवेत. मी तिथेच तसे मान्य केले आणि त्या वर्गाशी माझे नाते त्या दिवसापासून जुळले.

आज माझी मुख्य गोष्ट दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्याची आहे. पिशवी आणि तिचा कोपरा रोज सकाळी कात्रीने वेगळे होतात. धुऊन वाळवलेली पिशवी भंगारवाला वजनावर घेतो, कारण ती एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. कोपरा मात्र नखाएवढा असल्यामुळे ओट्यावरून मोरीत जातो किंवा ओल्या कचऱ्यात मिसळतो, आणि घंटागाडीतून वर्गीकरणाच्या जागी पोहोचला तरी कचरावेचक ताईंना तो वेचणे शक्य नसते. शंभर कोपरे वेचायला जो वेळ लागेल, तेवढ्यात त्या कितीतरी मोठा माल वेगळा करतात. मुले इथपर्यंत ऐकून घेतात आणि बहुतेक वेळा कोणीतरी आपणहून म्हणते, ‘मग कोपरा पूर्ण कापायचाच नाही.’ हे वाक्य तुम्ही स्वतः उच्चारू नका. ते वर्गातून येईपर्यंत थांबा, मग कितीही वेळ लागो.

पुढचा प्रश्न वेफर्सच्या पाकिटाचा येतो. त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सहज वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. म्हणजे इथे धुऊन ठेवण्याचा उपाय चालत नाही, पाकीटच कमी आणावे लागते, आणि हा फरक मुलांना फार लवकर कळतो.

ही पद्धत मला कीर्तनातून सापडली. कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो आणि उत्तररंगात आख्यान सांगतो. मी क्रम उलटा धरते, कारण बारा वर्षांच्या मुलाला आधी आख्यान हवे असते. गाडगेबाबांकडून मात्र दोन्ही गोष्टी जशाच्या तशा घ्याव्यात असे माझे मत आहे. ते दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत, आणि कीर्तनात समोरच्या लोकांना साधे साधे प्रश्न विचारून त्यांच्याच उत्तरांवर पुढचे बोलणे उभे करीत. म्हणून नव्या माणसाला मी सांगते, की वर्गात जाण्याआधी किमान आठवडाभर घरचा सुका कचरा स्वतः वेगळा करा आणि एक सकाळ कचरावेचकांसोबत फिरा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते आहे आणि ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार कचरा गोळा करतात. त्यांच्या एका फेरीत जे कळते ते पुस्तकातून कळत नाही. मात्र त्यांची परवानगी घ्या आणि गोष्टीत त्यांना दयेचा विषय करू नका. कोणते प्लॅस्टिक विकले जाते आणि कोणते नाही, याचे ज्ञान त्यांच्याइतके आपल्यापैकी कोणालाच नसते.

समुद्राची गोष्ट समुद्राकाठीच सांगावी. मंडणगड तालुक्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकऱ्यांनी सांभाळली आहेत, त्यामुळे त्या किनारपट्टीवरच्या मुलांना कासव दूरचे वाटत नाही. मुंबईत वर्सोव्याची हकीकत चालते : २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह या वकिलांनी तिथे किनारा साफ करायला सुरुवात केली आणि मार्च २०१८ मध्ये त्या वाळूत कासवाची पिल्ले दिसली. ही हकीकत मी पिल्लांपाशी थांबवत नाही. भरतीबरोबर प्लॅस्टिक पुन्हा किनाऱ्यावर येते हे सांगते, आणि ते कुठून येते असे विचारते. नाले, मोऱ्या, ओटे असे मागे जात मुले पुन्हा कोपऱ्यापाशी पोहोचतात.

कायद्याला दोन मिनिटे पुरतात. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या स्ट्रॉ, काटे-चमचे, थर्मोकोलची सजावट अशा वस्तूंची यादी फळ्यावर लिहिली, की मुले त्यांतल्या कोणत्या अजून दुकानात दिसतात ते स्वतः पाहून येतात. पस्तीस मिनिटांच्या तासात गोष्ट बारा मिनिटांची ठेवा आणि उरलेला वेळ मुलांना द्या. सहावी ते आठवीचे वर्ग सुरुवातीला घ्यावेत. मानधन अनियमित असते, तेव्हा पहिली दोन वर्षे सोबत दुसरे काम असणे बरे.

तीन आठवड्यांनी त्याच वर्गात पुन्हा जाणे मी कधीही टाळत नाही. त्या भेटीत मी गोष्ट सांगत नाही, मुलांना सांगायला लावते. गेल्या खेपेस सातवीतल्या एका मुलीने सांगितले, की आजी पिशवीचा कोपरा सवयीने पूर्ण कापत असे, म्हणून तिने रोजचे कोपरे एका बरणीत साठवले आणि बरणी ओट्यावर आजीच्या डोळ्यांसमोर ठेवली. बरणी तळापासून दोन बोटे भरली तेव्हा आजीने विचारले, ‘हे काय साठवतेस गं?’ मग मुलीने आजीला सगळी गोष्ट सांगितली, माझ्या गोष्टीत नसलेल्या दोन प्रसंगांसह. ते दोन्ही प्रसंग मी वहीत उतरवून घेतले आहेत.