इकॉनॉमिक्स पीएचडीचे निकाल आणि फंडिंग: फेब्रुवारी ते १५ एप्रिल हा काळ कसा काढावा

अमेरिकेतल्या पीएचडीचे अर्ज डिसेंबरात गेले, रेको (प्राध्यापकांची शिफारसपत्रं) पोचले, फी भरून झाली, हे मी धरूनच चालते. हा लेख त्यानंतरच्या वाट पाहण्याचा आहे, आणि त्यातही शेवटच्या पंधरा दिवसांचा. मी स्वतः लागोपाठ दोन वर्षं अर्ज केले. पीएचडी संपवून ठाण्याला परत आल्यापासून दरवर्षी इथल्या आणि नवी मुंबईतल्या चार-सहा मुलामुलींबरोबर हा काळ पुन्हा काढते. त्या सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो: "आता आपल्या हातात काही नाही, शांत बस." जानेवारीत हे ठीक आहे. मार्चअखेरीस हाच सल्ला पाळला तर हातची जागा जाते.

जानेवारी-फेब्रुवारी

सगळ्या पोर्टलचे पासवर्ड एका वहीत लिहा आणि स्पॅम दिवसातून एकदा बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ऑफिसं उघडतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, मग साडेसहा. कॅलिफोर्निया त्याच्याही तीन तास मागे. म्हणजे दिवसा ऐरोलीच्या ऑफिसात किंवा वाशीच्या गाडीत उभं राहून दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडण्यात काही हशील नाही. रात्री जेवणानंतर एकदा बघा, पुरे.

अमेरिकेचं जमलं नाही तर हाताशी काही असावं म्हणून इथल्या मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशांचंही बघा: आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एमएसक्यूई ही इकॉनॉमिक्सची मास्टर्स, सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, गोरेगावची आयजीआयडीआर ही संशोधन संस्था, यांतलं जे तुम्हाला लागू असेल त्याचे फॉर्म तारखा बघून भरून ठेवा. रिसर्च असिस्टंटच्या नोकऱ्यांचे अर्जही चालू ठेवा.

नकार आला तर कारण विचारणारा मेल पाठवू नका.

ऑफर आली: पत्र वाचा, मग घरी सांगा

पोर्टलवर "अभिनंदन" दिसलं की घरी फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळलेलं असतं. माझ्या आईने पहिल्या वर्षी पेढे वाटले, आणि पाच दिवसांनी दुसरं पत्र आलं: प्रवेश आहे, आर्थिक मदत सध्या देता येत नाही. तिला पुन्हा दारोदार काय सांगायचं हा प्रश्न पडला, आणि त्या आठवड्यात मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. म्हणून माझा आग्रह आहे की प्रवेशाचं पत्र आणि फंडिंगचं पत्र, दोन्ही हातात येईपर्यंत बातमी घराच्या चार भिंतींतच राहू द्या.

फंडिंगच्या पत्रात या गोष्टी शोधा. ट्युशन, म्हणजे शिक्षणाची मुख्य फी, पूर्ण माफ आहे का. विद्यापीठाची इतर फी माफीत येते की स्टायपेंडमधून, म्हणजे राहण्या-खाण्यासाठी मिळणाऱ्या पैशांतून, भरायची. आरोग्य विमा कोण भरणार. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा. किती वर्षांची हमी आहे, आणि कोणत्या अटीवर. इकॉनॉमिक्समध्ये पहिल्या वर्षानंतर मायक्रो, मॅक्रो आणि कधी इकॉनोमेट्रिक्सची पात्रता परीक्षा असते, आणि पुढचं फंडिंग बहुतेक वेळा ती पास होण्यावर अवलंबून असतं. ती अट रास्त आहे. पण "निधी उपलब्ध असल्यास" असे शब्द दुसऱ्या वर्षापासून पुढे लागले असतील, तर त्या पत्रात हमी एकाच वर्षाची आहे, बाकी सगळी आशा आहे.

आकडे कागदावर मांडा. समजा एका ठिकाणी बारा महिन्यांचे ३०,००० डॉलर आहेत, आणि दुसरीकडे नऊ महिन्यांचे २७,०००. दुसरं पत्र महिन्याला ३,००० देतं आणि जास्त वाटतं. पण घरभाडं बारा महिने भरायचं असतं. बाराने भागलं की ते २,२५० होतात, पहिल्याचे मात्र २,५०० राहतात. त्यातून १,५०० डॉलर फी स्वतः भरायची असेल तर दुसरं पत्र आणखी खाली जातं. उन्हाळ्यात काम मिळतं का, किती जणांना मिळतं, हे तिथे सध्या शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना विचारा. डिपार्टमेंटचा कोऑर्डिनेटर त्यांच्याशी गाठ घालून देतो.

फंडिंगशिवायच्या पीएचडीबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नका. कळव्याचा किंवा कोपरखैरण्याचा फ्लॅट तारण ठेवून तर नाहीच. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेही कॅम्पसवरच. त्या कमाईतून ट्युशन निघत नाही. "एकदा आत गेलं की फंडिंग मिळतंच" असं सांगणारे भेटतील. ज्याला मिळालं तोच हे सांगतो, न मिळालेला परत येऊन बोलत नाही. एक-दोन वर्षांच्या मास्टर्सचा हिशेब वेगळा आहे. तिथे बहुतेकांना पैसे स्वतःच उभे करावे लागतात, आणि हप्ता किती बसणार हे आधी मांडून घेतलेलं कर्ज शहाणपणाचं असू शकतं.

वेटलिस्ट: इथेच माझं चुकलं होतं

डिपार्टमेंट ठरावीक संख्येलाच पैसे देऊ शकतं. ज्यांना पहिल्या फेरीत ऑफर जाते त्यांतल्या कित्येकांच्या हातात तीन-चार ऑफर असतात. ते जसजसे नाही म्हणतात तसतशी यादी सरकते. आणि ते नाही म्हणतात ते शेवटच्या आठवड्यात, कारण अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केली आहे: फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. सही केलेल्या विद्यापीठाने १ एप्रिलची मुदत दिली तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागा. मात्र हा ठराव फंडिंग असलेल्या ऑफरलाच लागू आहे. युरोपातली आणि इंग्लंडची मुदत वेगळी असते, ती पत्रातच बघायची.

तर यादी सरकते ती १० ते १५ एप्रिल या दिवसांत, आणि आपल्याकडे रात्र असताना. पहिल्या वर्षी मी एका चांगल्या विद्यापीठाच्या वेटलिस्टवर होते. १४ एप्रिलच्या रात्री साडेअकराला त्यांचा दोन ओळींचा मेल आला: आज जागा दिली तर तुम्ही घ्याल का? मी झोपले होते. सकाळी सातला वाचला. मग बाबांशी बोलायचं ठरलं, ते डोंबिवलीला काकांकडे गेले होते. स्टायपेंड पुरेल का यावर दुपारपर्यंत चर्चा चालली. तीन वाजता मी "हो" कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं की जागा दुसऱ्याला गेली. त्या माणसांचं काही चुकलं नव्हतं. जे घरी आठ दिवस आधी बोलायला हवं होतं ते मी त्या सकाळी बोलत बसले होते. त्या एका रात्रीपायी माझं पूर्ण वर्ष गेलं.

म्हणून आता मी प्रत्येकाकडून हे करून घेते. ५ एप्रिलच्या आत आईबाबांसमोर बसून क्रम लिहायचा: ही जागा फंडिंगसकट आली तर हो, ही आली तर हातातली सोडायची नाही, हिला कमीत कमी इतका स्टायपेंड हवा. तो कागद फ्रिजवर लावा. मेल आला की कोणाला विचारायची वेळ येता कामा नये. १० तारखेपासून रात्री मेलचा आवाज चालू ठेवून फोन उशाशी ठेवा. अर्जात दिलेला फोन नंबर चालू आहे ना हेही बघा, कारण काही डिपार्टमेंट सरळ फोन करतात.

मार्चच्या शेवटी वेटलिस्टवाल्या प्रत्येक ठिकाणी एक मेल पाठवा. पाच-सहा ओळी पुरेत: अजून इच्छा आहे, अर्जानंतर काय नवीन झालं, म्हणजे शेवटच्या सत्राचे गुण किंवा पेपरचा नवा मसुदा. ते विद्यापीठ खरोखर तुमची पहिली पसंती असेल तर "फंडिंगसह जागा मिळाली तर नक्की येईन" असं स्पष्ट लिहा. हे वाक्य एकाच ठिकाणी लिहायचं. चार ठिकाणी लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा राग येतो, कारण त्यांच्या शब्दावर विसंबून कोऑर्डिनेटर दुसऱ्याला थांबवून ठेवतो. दर आठवड्याला मेल करू नका. एक मार्चअखेरीस, हवाच तर दुसरा १२ एप्रिलच्या सुमारास.

आणि दोनपेक्षा जास्त ऑफर धरून ठेवू नका. जिथे जाणार नाही हे ठरलं त्या जागेला त्याच दिवशी नाही कळवा. तुमच्या त्या एका मेलने नेरूळला नाहीतर नागपूरला कोणाची तरी यादी पुढे सरकते.

१५ एप्रिल

पूर्व किनाऱ्यावर १५ तारखेचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे १६ तारखेच्या पहाटेचे अडीच. पत्रात वेळ दिलेली नसेल तर हीच वेळ शेवटची धरा, मध्यरात्रीवर विसंबू नका. वेटलिस्टचं काही आलं नाही तर पहाटे दोनपर्यंत हातातली ऑफर स्वीकारून मोकळे व्हा. वीज किंवा वायफाय गेलं तर मोबाइल डेटावर पोर्टल उघडतं का ते आदल्या दिवशी तपासा.

१४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, बँका बंद. स्टायपेंड विद्यापीठाने धरलेल्या खर्चापेक्षा कमी असेल तर आय-ट्वेंटीसाठी (व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा दाखला) उरलेल्या रकमेचा पुरावा लागतो. ते बँकेचं पत्र आधीच्या आठवड्यात आणून ठेवा.

त्यानंतर

स्वीकारल्याचा मेल जपून ठेवा. उरलेल्या वेटलिस्टमधून नाव काढायला सांगा. रेको देणाऱ्या सरांना-मॅडमना त्याच दिवशी फोन करा, मेल नको. आय-ट्वेंटी आली की आधी सेव्हिसची (अमेरिकी सरकारची परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी) फी भरा, मग बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीतली व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेल ती पहिली घ्या.

एकही फंडिंगची ऑफर आली नसेल तर १६ तारखेला कोणताही निर्णय घेऊ नका. आठवडाभराने रेको देणाऱ्यांपैकी एकाला प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि अर्ज पुन्हा त्यांच्यासमोर ठेवा. मी पहिल्या वर्षी तेच केलं. माझं गणित कमी पडतंय, रिअल अॅनालिसिसचा कोर्स कर, असं मॅडमनी दहा मिनिटांत सांगितलं, आणि जूनमध्ये मी त्या कोर्सला नाव घातलं.