सही करण्यापूर्वी : कार्यालयातील आणि घरातील नैतिक निर्णयांची एक पद्धत

नैतिक पेच म्हटला की लाच, अफरातफर, विश्वासघात असे मोठे प्रसंग आपल्या डोळ्यांसमोर येतात. नोकरी करणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला ते क्वचितच येतात. त्याच्यासमोर येतो तो एक कागद, आणि कागद घेऊन आलेल्या माणसाचे वाक्य : "एवढी सही करा, फॉर्मॅलिटी आहे." तीन दरपत्रकांपैकी दोन एकाच संगणकावर टंकलेली दिसत असतात, मालाची पोच माल येण्याआधीच तयार असते, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर न आलेल्यांच्या सह्या 'जमवायच्या' असतात, किंवा ओळखीच्या काकांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही हवी असते आणि काका स्वतः तिथे नसतात. या लेखात मी फक्त सहीच्या अशा प्रसंगांविषयी लिहिणार आहे, कारण आपली सचोटी सर्वांत जास्त वेळा इथेच पणाला लागते.

आधी सहीच्या वरचे वाक्य वाचा

सही कागदावर होत असली तरी ती एका विधानाखाली असते. "वरील माल मोजून, तपासून, सुस्थितीत ताब्यात घेतला" हे एकच वाक्य दिसते, पण त्यात चार विधाने आहेत आणि सही करणारा चारही आपल्या नावावर घेतो. म्हणून पहिले काम असे : वाक्यातील प्रत्येक विधान सुटे करावे आणि त्यापुढे मनात एक खूण करावी. हे मी स्वतः पाहिले आहे, हे मला कोणीतरी सांगितले आहे, की हे मी नुसते गृहीत धरतो आहे? बहुतेक पेच या एका कृतीनेच सुटतात किंवा निदान स्पष्ट तरी होतात. सांगितलेल्या गोष्टीवर सही करणे गैर नाही. तसे न करता कोणतेही मोठे कार्यालय एक दिवसही चालणार नाही. मात्र जे सांगितले गेले आहे ते 'पाहिले' म्हणून लिहिणे आणि जे गृहीत धरले आहे ते 'तपासले' म्हणून लिहिणे, इथे खोटेपणाला सुरुवात होते.

मार्चअखेरचा नेहमीचा प्रसंग घ्या. तारीख ३१ आहे. पुरवठादाराचा ट्रक निघाल्याचा फोन आला आहे, माल दोन दिवसांत उतरेल, पण बिल आज लागले नाही तर खर्च या वर्षात बसणार नाही आणि सरकारी कार्यालय असेल तर निधी परत जाईल. भांडारपालाला सांगितले जाते, "पोच आजच्या तारखेची दे, माल कुठे पळून जाणार आहे?" इथे लबाड कोणीच नाही आणि पैसे खाण्याचा हेतूही नाही, म्हणूनच हा प्रसंग अवघड आहे. सुटे करून पाहिले तर 'माल निघाला' हे सांगितलेले आहे, 'माल मिळाला' हे खोटे आहे आणि 'सुस्थितीत मिळाला' हे तर भविष्यकथन आहे. ट्रक उलटला, खोकी फुटली, संख्या कमी भरली, तर आजची पोच पुरवठादाराच्या हातातील पुरावा ठरते.

आता खरे वाक्य शोधावे. ते बहुधा सापडते. कंपनीच्या हिशेबात, विक्रीच्या अटींनुसार मालाची मालकी ट्रक निघतानाच आपल्याकडे आली असेल, तर 'वाटेतील माल' म्हणून वेगळी नोंद करता येते आणि त्यासाठी पोच लागत नाही. मालकी आलेली नसेल, तर तो खर्च या वर्षाचा नाहीच, आणि तसे वरिष्ठांना सांगणे हे लेखा विभागाचे काम आहे, भांडारपालाचे नाही. सरकारी कार्यालयात निधी परत जाण्याचे नुकसान खरे असते हे मान्य करावे, पुढील वर्षी पुन्हा मागणी नोंदवावी आणि ऑर्डर फेब्रुवारीतच का गेली नाही हा प्रश्न, योग्य शब्दांत, लेखी विचारावा. (हा प्रश्न कोणालाच आवडत नाही, पण दरवर्षीच्या या धावपळीचे मूळ तिथे असते.)

मागील तारखेबाबतही असेच आहे. १ एप्रिलपासून सुरू झालेल्या कामाचा करार मे महिन्यात होत असेल, तर करारावर मेमधील खरी तारीख घालून 'दिनांक १ एप्रिलपासून लागू' असे लिहिता येते. हे पूर्णपणे सरळ आहे. त्याच करारावर एप्रिलची तारीख घालणे सरळ नाही. दोन्ही कागदांचा व्यावहारिक परिणाम बहुतेक वेळा सारखाच असतो, तरीही लोक दुसरा मार्ग निवडतात, आणि त्यामागे केवळ सवय असते.

सिद्ध कोणी करायचे?

सहीच्या दबावाचे जगातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, अमेरिकेची अवकाश संस्था नासाचे अधिकारी आणि यानाचे बूस्टर (उड्डाणाच्या वेळी यानाला वर ढकलणारी रॉकेटे) बनवणारी मॉर्टन थायोकॉल ही कंपनी यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. बूस्टरच्या सांध्यांमधील रबरी कड्या थंडीत कडक होतात, म्हणून तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असताना उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले. नासाच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. कंपनीने आपसांत बोलण्यासाठी पाच मिनिटे मागितली, ती अर्धा तास लांबली, आणि त्या चर्चेत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले. शिफारस उलटली.

फ्लोरिडातील उड्डाणस्थळी कंपनीचे प्रतिनिधी अॅलन मॅकडोनाल्ड हजर होते आणि शिफारशीवर त्यांची सही अपेक्षित होती. त्यांनी ती नाकारली. मग यूटामधील त्यांच्या वरिष्ठाने सही करून कागद फॅक्सने पाठवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगापुढे खरे सांगितल्यावर मॅकडोनाल्ड यांना कंपनीत बाजूला सारण्यात आले. अमेरिकी काँग्रेसच्या दबावानंतर त्यांच्याकडे पुन्हा महत्त्वाचे काम आले, आणि ते होते त्याच सांध्यांची नवी रचना करण्याचे.

या घटनेतून आपल्या कामाची अशी एक गोष्ट घेता येते. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे; त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर आली. आपल्या कार्यालयांत हीच उलटापालट "यात चूक काय आहे ते दाखव" या वाक्याने होते. ते वाक्य ऐकू आले की थांबावे. ज्याला सही हवी आहे त्याने विधान खरे असल्याचे दाखवायचे असते. सही करणाऱ्याने ते खोटे असल्याचे सिद्ध करायचे नसते. आणि घाई खरी आहे की तयार केलेली, हेही विचारून पाहावे. "उद्या सकाळी दहा वाजता सही केली तर नेमके काय बिघडेल?" या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले तर घाई खरी समजावी. 'साहेब चिडतील' हे उत्तर नव्हे.

जो समोर नाही त्याचा हिशेब

घरच्या प्रसंगांत वरिष्ठांचा धाक नसतो, पण भीड असते, आणि ती धाकापेक्षा चिवट असते. समजा, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, मुलीचा आरटीईचा फॉर्म भरायचाय. इथली शाळा चांगली आहे. तुमच्या पत्त्यावर भाडेकरार करून द्या ना, राहायला कोणी येणार नाही." २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. त्यात घरापासून शाळेचे अंतर पाहिले जाते आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत निघते. ताईंची गरज खरी आहे, उत्पन्न कमी आहे, मुलगी हुशार आहे. अशा वेळी नियमाचे नाव पुढे करून हात वर करणे मला कोरडे वाटते.

तरीही सही करू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कायदा एवढेच नाही. या व्यवहारात ताई आणि तुम्ही दोघेच दिसता; तिसरा माणूस दिसत नाही. या शाळेमागच्या वस्तीत खरोखर राहणारी, अशीच चार घरची कामे करणारी दुसरी कोणीतरी बाई आहे आणि खोट्या पत्त्याने जाणारी जागा तिच्या मुलाची आहे. श्रीमंताची जागा गरिबाला मिळाली असे यात होत नाही. कोणत्याही 'छोट्या' सवलतीच्या वेळी हा हिशेब मांडावा : याची किंमत नेमकी कोण मोजणार आहे, आणि तो इथे असता तर त्याच्यासमोर मी ही सही केली असती का?

नकारानंतर मात्र काम संपत नाही. ताईंच्या स्वतःच्या पत्त्याजवळच्या पात्र शाळांची यादी काढून देणे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे जमवणे, एका संध्याकाळी शेजारी बसून अर्ज भरणे, हे सारे करता येते. त्यांनी मागितले त्यापेक्षा हे कमीच आहे आणि ते तसे त्यांना सांगावे.

मृत्युपत्राच्या साक्षीबाबत फार विचार करण्याची गरज नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने साक्षीदारासमोर सही करणे, किंवा ही आपलीच सही असल्याचे त्याला स्वतः सांगणे, आणि साक्षीदाराने त्याच्या समक्ष सही करणे ही १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याची अट आहे. काका तिथे नसतील तर त्यांच्या घरी जावे. एवढेच.

नकार कसा द्यावा

आपल्याकडे सचोटीची गोष्ट निघाली की रामशास्त्री प्रभुणे आठवतात, आणि मग सामान्य माणसाला वाटते की एकतर दरबार सोडून निघून जायचे किंवा गप्प बसायचे. घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण आणि पुढील बढती डोक्यात असलेल्या माणसाला हे दोनच पर्याय दिसले तर तो गप्प बसणार हे उघड आहे. या दोन टोकांमध्ये बरीच जागा आहे, ती वापरावी.

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे खरे वाक्य स्वतःच सुचवणे : "साहेब, 'माल मिळाला' असं नाही लिहिता येणार, पण 'पुरवठादाराच्या फोननुसार माल आज निघाला' असं लगेच लिहून देतो. चालेल?" बरेच वरिष्ठ यावर मान्य होतात, कारण त्यांनाही पुढे कागद कोणाला तरी दाखवायचाच असतो. त्यापुढची पायरी म्हणजे शेऱ्यासह सही : 'संख्या तपासली, दर्जा तपासलेला नाही.' त्याही पुढे जायचे तर लेखी आदेश मागावा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी हा आगाऊपणा नसून कर्तव्य आहे. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील नियम ३ प्रमाणे वरिष्ठांचे आदेश सामान्यतः लेखी असावेत, आणि तोंडी आदेश मिळाला तर कनिष्ठाने शक्य तितक्या लवकर त्याची लेखी पुष्टी मागावी. खासगी नोकरीत त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पुरतो : 'आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे… हे मी बरोबर समजलो ना?' यात आरोपाचा सूर येऊ देऊ नये. ज्यांना ते काम चुकीचे आहे हे ठाऊक असते, त्यांच्याकडून अशा ईमेलला बहुधा उत्तर येत नाही आणि विषय मिटतो.

हेही पुरले नाही तर बाहेरचा मार्ग पाहावा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. लाचेच्या बाबतीत २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे. मात्र तक्रारीपूर्वी आपल्याजवळचे कागद, तारखा आणि कोणी काय सांगितले याची टिपणे नीट लावून घ्यावीत, आणि कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे सरसकट घरी नेऊ नयेत. त्यामुळे खऱ्या तक्रारदारावरच ठपका येण्याची सोय होते.

सही होऊन गेली असेल तर

हे बऱ्याचदा घडते, कारण सही करताना वाक्य कोणी वाचलेलेच नसते. अशा वेळी मूळ कागदावर खाडाखोड करू नये, पान बदलू नये आणि रजिस्टरमध्ये दोन ओळींच्या मध्ये काही घुसवू नये. ज्याच्या भरवशावर पुढचे काम होणार आहे, म्हणजे लेखा विभाग, सोसायटीचे सचिव किंवा वकील, त्यांना वेगळे पत्र द्यावे : अमुक कागदावर मी अमुक दिवशी सही केली, त्यातील अमुक विधान मी तपासलेले नव्हते, वस्तुस्थिती अशी आहे. पैसे अदा होण्यापूर्वी हे पत्र गेले तर दुरुस्ती सोपी असते. अदा झाल्यानंतर गेले तर वसुलीची फाईल उघडते आणि काही प्रश्न आपल्यालाही विचारले जातात. पत्रावर ते ज्या दिवशी लिहिले त्या दिवसाचीच तारीख घालावी, पोचपावती घ्यावी आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.