काम आधी, महाविद्यालय नंतर: मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी करिअरचा शोध कसा घ्यावा

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यातील बहुतेक घरांमध्ये पहिला प्रश्न 'नंबर कुठे लागतो' हा असतो. जिथे नंबर लागेल तो अभ्यासक्रम आणि त्या अभ्यासक्रमातून जे निघेल ते करिअर, अशा क्रमाने पुढील ४० वर्षांचा निर्णय जून-जुलैच्या घाईत उरकला जातो. हा क्रम उलटा करता येतो. आधी काम, मग त्या कामासाठी लागणारी अर्हता, त्यानंतर ती अर्हता देणारा अभ्यासक्रम आणि सर्वांत शेवटी महाविद्यालय, अशा रीतीने शोध घेतला तर प्रवेशाच्या वेळी पसंतीक्रम भरताना फारसा गोंधळ उरत नाही. हा शोध अकरावीतच सुरू केलेला चांगला; मात्र बारावीची लेखी परीक्षा संपल्यापासून प्रवेश परीक्षांचे निकाल लागेपर्यंतचा काळही त्यासाठी पुरतो.

कामाचा शोध

प्रथम कागदावर तीन कामे लिहावीत. येथे अभ्यासक्रमांची नावे लिहू नयेत. 'मेकॅनिकल' हे काम नव्हे. कारखान्यात साचे तयार करणे, उत्पादनाची गुणवत्ता तपासणे किंवा यंत्रांची देखभाल करणे ही कामे आहेत. 'बीएस्सी ॲग्री' हेही काम नव्हे. बियाणे कंपनीच्या प्रक्षेत्रावर वाणांच्या चाचण्या घेणे, कृषी विभागात अधिकारी होणे किंवा बँकेत कृषी कर्जाचे प्रस्ताव तपासणे ही त्यातून निघणारी तीन वेगवेगळी आयुष्ये आहेत, आणि एकात रमणारा विद्यार्थी दुसऱ्यात रमेलच असे नाही.

यानंतर प्रत्येक कामातील किमान दोन माणसांना भेटावे: एक, नोकरीला लागून दोन-तीन वर्षेच झालेला, दुसरा, त्याच क्षेत्रात पंधरा-वीस वर्षे घालवलेला. पहिल्याकडून आजची भरती, पहिला पगार आणि महाविद्यालयातले खरे उपयोगी विषय कळतात. दुसऱ्याकडून ते काम माणसाला कुठपर्यंत नेते हे कळते. 'हे क्षेत्र कसे आहे?' असे मोघम विचारल्यास उत्तरही मोघमच मिळते. त्याऐवजी काल सकाळी कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत आपण काय काय केले, आपल्या जागी आज नवीन माणूस घ्यायचा झाल्यास त्याच्याकडे काय पाहाल, आणि आपल्या वर्गातील इतर मुले आज काय करतात, असे नेमके प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा सर्वांत प्रामाणिक असते, कारण त्यात स्वतःच्या यशापयशाची लाज किंवा बढाई आड येत नाही.

अशा भेटींसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहननिर्मिती, वाहनांचे सुटे भाग आणि औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. जालन्यात पोलाद आणि बियाणे, लातुरात डाळ आणि सोयाबीन प्रक्रिया, परळीत औष्णिक वीज केंद्र, परभणीत १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, शिवाय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालय, न्यायालय, बँका आणि जिल्हा परिषद आहे. गावातील कोणी ना कोणी यांपैकी एखाद्या ठिकाणी असतोच. मामा, आतेभाऊ किंवा शाळेचे माजी विद्यार्थी यांच्यामार्फत फोन लावला तर अर्धा तास देणारी माणसे मिळतात. 'अमुक कंपनी येणार' अशा घोषणांवर मात्र शाखा निवडू नये. करार, जमिनीचे वाटप, बांधकाम आणि प्रत्यक्ष भरती यांच्यात वर्षे जातात, आणि भरती झालीच तरी ती कोणत्या अर्हतेच्या माणसांची होईल हे घोषणेत सांगितलेले नसते.

माणसांच्या भेटीइतकेच जाहिरातींचे वाचन उपयोगी आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरील जुन्या जाहिराती उघडून 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद तेवढा वाचावा. औषध निरीक्षक, कृषी अधिकारी, सहायक अभियंता यांसारख्या पदांसाठी कोणती पदवी चालते आणि कोणती चालत नाही, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. काही व्यवसायांत पदवीनंतरही एक उंबरठा ओलांडावा लागतो: वकिलाला बार कौन्सिलची नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, औषधनिर्मात्याला व परिचारिकेला राज्य परिषदेची नोंदणी, प्राथमिक शिक्षकाला शिक्षक पात्रता परीक्षा आणि त्यानंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. म्हणून अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या महाविद्यालयाचे नाव स्वतः शोधावे. प्रवेशासाठी घरी येणाऱ्या प्रतिनिधीच्या शब्दावर ते सोडू नये.

नीट, सीईटी आणि 'रिपीट'चा प्रश्न

लातूर पॅटर्नने, म्हणजे लातूरच्या महाविद्यालयांतील काटेकोर सराव व चाचण्यांच्या अभ्यासपद्धतीने, या भागातील हजारो मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली, हे मान्यच करावे लागेल. त्याच यशामुळे विज्ञान शाखेतील मुलासमोर डॉक्टर आणि इंजिनिअर असे दोनच रस्ते उभे राहिले, हेही तितकेच खरे आहे. नीटमध्ये अपेक्षेइतके गुण मिळाले नाहीत की 'एक वर्ष रिपीट' हा निर्णय घरात जवळजवळ आपोआप होतो. तो आकड्यांवर घ्यावा. आपल्या प्रवर्गाचा, राज्याच्या ८५ टक्के कोट्यातील शासकीय महाविद्यालयांचा मागील वर्षाचा शेवटचा गुणांक पाहावा. गुणांची पातळी प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार दरवर्षी वरखाली होत असल्याने गुणांसोबत गुणवत्ता क्रमांकही पाहावा. ७२० पैकी आपले गुण त्या पातळीच्या जवळ असतील आणि कोणत्या विषयात किती गुण गेले हे नेमके सांगता येत असेल, तर एका वर्षाचा विचार करण्यास हरकत नाही. अंतर मोठे असेल आणि कारण सांगता येत नसेल, तर दुसऱ्या वर्षीही तोच अभ्यास त्याच पद्धतीने होण्याची भीती असते. तिसऱ्यांदा रिपीट करणे माझ्या मते फार थोड्या मुलांच्या हिताचे असते.

वैद्यकीय प्रवेशांतील ७०:३० हे प्रादेशिक आरक्षण (७० टक्के जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांना, ३० टक्के राज्यातील इतरांना) २०२० मध्ये रद्द झाले, त्यामुळे घरातील थोरल्या भावंडांच्या काळातील हिशेब आज लागू होत नाहीत, याचीही जाणीव ठेवावी. जीवशास्त्र गट घेतलेल्यांनी नीटच्या बरोबरीने सीईटीही द्यावी, कारण औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या पदव्यांचे दार त्या परीक्षेतूनही उघडते. परिचर्या व विधी शाखेसाठी राज्याच्या स्वतंत्र सीईटी असतात, आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरील विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या सर्वांच्या अर्जांच्या तारखा निकालापूर्वीच उलटून जातात. निकालानंतर पर्याय शोधणाऱ्यास म्हणूनच फारसे पर्याय उरत नाहीत.

दहावीनंतरच हाताने काम करण्याकडे ओढा असलेल्या मुलाला केवळ प्रतिष्ठेसाठी अकरावी विज्ञानात बसवू नये. तंत्रनिकेतनाच्या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधील साचेनिर्मितीची पदविका उद्योगांत ओळखली जाते.

महाविद्यालयाची पारख

काम आणि अभ्यासक्रम ठरल्यावर महाविद्यालयांची यादी आपोआप लहान होते, आणि मग प्रत्येकाची कसून पारख करणे परवडते. जाहिरात फलकांवरील 'सर्वोच्च पॅकेज' हा आकडा प्रथम बाजूला ठेवावा. तो एका विद्यार्थ्याचा असतो. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणारी महाविद्यालये आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. त्या तक्त्यात किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण उच्च शिक्षणास गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे वर्षनिहाय दिलेले असते. दहावीच्या गणितात शिकलेला मध्यक येथे कामी येतो: निम्म्या मुलांचा पगार त्याहून कमी आणि निम्म्यांचा त्याहून जास्त. क्रमवारीत नाव न आलेल्या महाविद्यालयाचाही हा तक्ता उपलब्ध असू शकतो, म्हणून तो शोधावाच. तो नसेल तर नोकरी मिळालेल्यांची कंपनी आणि शाखेनुसार यादी मागावी. टाळाटाळ झाली तर ती यादीइतकीच बोलकी असते.

नॅक आणि एनबीए या महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था आहेत. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर एनबीएचे मानांकन एकेका शाखेला मिळते. आपली शाखा त्यात आहे का, ते पाहावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार तांत्रिक महाविद्यालयांनी 'अनिवार्य प्रकटीकरण' संकेतस्थळावर ठेवायचे असते. त्यातील अध्यापकांची यादी वाचावी आणि प्रत्यक्ष भेटीत त्यांतील दोन-तीन नावे मुलांना विचारून पाहावीत. भेट मात्र कामाच्या दिवशी आणि न कळवता द्यावी. प्रवेश कक्षात बसून चहा घेण्यापेक्षा मेसमध्ये किंवा बसथांब्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे: प्रात्यक्षिके खरोखर होतात की जर्नल उतरवून घेतले जाते, कोणत्या विषयाला शिक्षक नाही, वसतिगृहात उन्हाळ्यात पाणी येते का. मराठवाड्यात हा शेवटचा प्रश्न गौण नाही.

'पुणे की इथे' हा वाद प्रत्येक घरात होतो. माहिती तंत्रज्ञानातील नोकऱ्यांचा मोठा भाग पुण्यात आहे, हे नाकारता येत नाही; पण नोकरी पुण्यात आहे म्हणून शिक्षणही पुण्यातच घ्यावे असे होत नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था या दोन्ही स्वायत्त संस्था आहेत. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात चालते आणि तेथे पाच वर्षांचा एकात्मिक एम. टेक. अभ्यासक्रम आहे. या संस्थांतील जागा सोडून पुण्यातील नाव न ऐकलेल्या खासगी महाविद्यालयात केवळ 'कॉम्प्युटर' शाखेसाठी दुप्पट-तिप्पट खर्च करण्याआधी हिशेब मांडावा.

तो हिशेब असा. समजा, शिक्षण शुल्क वर्षाला १,१०,०००, आणि खोली, मेस व प्रवास मिळून महिन्याला ९,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ९०,०००, म्हणजे वर्षाचे २,००,००० आणि चार वर्षांचे ८,००,००० रुपये. त्या महाविद्यालयाचा मध्यक पगार वर्षाला साडेतीन लाख असेल, तर पुण्यात राहून त्यातून कर्जाचा हप्ता कसा जाईल, हे आधीच कागदावर दिसते. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे मंजूर शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करते. सांगितलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी.

सवलती, दाखले आणि पसंतीक्रम

वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, पाच टक्के अतिरिक्त जागा असतात. त्यांचा कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा बहुधा वर असतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, त्याच उत्पन्नमर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे; मात्र ती राज्याच्या केंद्रीभूत (सामायिक ऑनलाइन) प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच मिळते, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला नाही. 'आता कोट्यातून घ्या, सवलत नंतर बसवून देऊ' असे कोणी सांगितल्यास तेथून उठावे.

दाखल्यांपैकी सर्वांत जास्त वेळ जात वैधता प्रमाणपत्राला लागतो. जुन्या उर्दू किंवा मोडी नोंदींवर दावा आधारलेला असेल तर त्या नोंदींच्या प्रती आणि भाषांतर जमवण्यातच महिने जातात, म्हणून तो अर्ज अकरावीतच द्यावा. उत्पन्न, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेयर दाखल्यांसाठी बारावीच्या हिवाळ्यात सेतू केंद्रात जावे. मे महिन्यात तेथे रांग लागते आणि सर्व्हरही साथ देत नाही.

सीईटी कक्षाच्या कटऑफ याद्या प्रथम पाहताना डोळे फिरतात, पण त्यातील संकेत साधे आहेत: पहिले अक्षर 'जी' सर्वसाधारण आणि 'एल' मुलींसाठीच्या जागेचे, मधली अक्षरे प्रवर्गाची, आणि शेवटचे 'एच' गृह विद्यापीठ, 'ओ' अन्य विद्यापीठ, 'एस' राज्यस्तर दाखवते. नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्याने पुण्याच्या महाविद्यालयातील 'एच' रकाना पाहून आशा बाळगू नये. त्याच्यासाठी तेथे 'ओ' आणि 'एस' हेच रकाने आहेत. मागील दोन-तीन वर्षांची शेवटची फेरी पाहावी आणि पसंतीक्रम आपल्या खऱ्या आवडीनुसार, वरून खाली भरावा. आपल्याला मिळणार नाही असे वाटणारे महाविद्यालय वर टाकल्याने खालच्या संधीचे काही बिघडत नाही. उलट, सुरक्षित म्हणून नको असलेले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले आणि पहिल्याच फेरीत मिळाले, तर ती जागा अंतिम ठरते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. अर्ज निश्चित करताना ओटीपी आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवावा, कारण सायबर कॅफेतून परस्पर बदललेला पसंतीक्रम नंतर दुरुस्त होत नाही.

प्रवेश घेतल्यावर प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख लिहून ठेवावी. त्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्काचे जास्तीत जास्त १,००० रुपये वजा करून उरलेली रक्कम परत मिळायला हवी. तोंडी आश्वासनावर न थांबता रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन भरून त्याची पोच जपून ठेवावी.