रात्री दोन वाजता दार उघडेना : छोट्या हॉटेलात स्मार्ट यंत्रणा बसवताना या चुका टाळा

परळमधल्या एका बावीस खोल्यांच्या लॉजमधून रात्री दोनला फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचं कार्ड-कुलूप उघडत नव्हतं. खोलीत सांगलीकडचं कुटुंब उतरलेलं होतं. टाटा हॉस्पिटलमध्ये मुलाची केमो चालू होती आणि ताप भरला म्हणून त्याला कॅज्युअल्टीत नेऊन ते नुकतेच परतले होते. मी पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. आई जिन्याच्या पायरीवर बसलेली, मूल मांडीवर झोपलेलं. रिसेप्शनवरच्या पोराने तोवर चार वेळा नवं कार्ड बनवून पाहिलं होतं. कुलपाच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. आपत्कालीन किल्ली होती, पण ती मालकांच्या घरी, डोंबिवलीला.

त्या कुलपाच्या तळाशी धातूची दोन बारीक टोकं होती. तिथे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली, कार्ड लावलं आणि दार उघडलं. पाच सेकंदांचं काम. ती माऊली मला म्हणाली, "दादा, पाणी घेता का?" मला काय बोलावं सुचेना.

दादर, परळ, ग्रँट रोड, अंधेरी या पट्ट्यातल्या छोट्या हॉटेलांची वायरिंग आणि यंत्रणा सांभाळणं हे माझं काम. त्या रात्रीपासून नवीन काही बसवायचं म्हटलं की मालकांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे रात्री दोनला बिघडलं, तर खाली जो मुलगा असेल त्याला काय करायचं ते माहीत असेल का? उत्तर "नाही" असेल तर आधी त्याची सोय करू आणि मग यंत्र घेऊ. पुढे सांगतोय त्या बहुतेक चुका हा प्रश्न कुणी न विचारल्यामुळेच होतात.

नव्या गोष्टींना मुंबईतली हॉटेलं कधीच बिचकली नाहीत. ७ जुलै १८९६ रोजी या शहराने पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली ती काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. १९०३ मध्ये ताज उघडलं तेव्हा विजेचे दिवे हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. फरक इतकाच, की तेव्हा हे मोठ्यांपुरतं होतं. आता स्टेशनजवळच्या गल्लीतला लॉजही कार्ड-कुलूप, स्मार्ट टीव्ही, मोबाइलवरून चालणारा एसी आणि ऑनलाइन बुकिंग घेऊन उभा आहे. याचा मला मनापासून आनंद वाटतो. म्हणूनच या गोष्टी नीट चालाव्यात, असंही वाटतं.

कार्ड-कुलपं : लाल दिवा आधी कोण बघतं?

परळच्या त्या लॉजमध्ये दुसऱ्या दिवशी मी हाउसकीपिंगच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लाल लाइट तर पंधरा दिवस लागतोय. मला वाटलं, तसंच असतं." खोल्यांची दारं रोज उघडणारं माणूस म्हणजे मावशी. बॅटरी उतरू लागली की बहुतेक कुलपं बरेच दिवस आधी इशारा देतात, आणि तो सर्वात आधी त्यांनाच दिसतो. पण ट्रेनिंग मिळालं मॅनेजरला! मावशींना एवढंच सांगा: कार्ड लावल्यावर हिरव्याच्या आधी किंवा नंतर लाल दिसला, तर खोली नंबर वहीत लिहायचा.

बॅटरी घेताना काटकसर नको. साध्या स्वस्त सेलना गळती लागते आणि कुलपातल्या पट्ट्या खराब होतात. चार्जिंगचे सेल दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट देतात, त्यामुळे काही कुलपं सेल भरलेले असूनही "बॅटरी कमी" म्हणतात. अल्कलाइन घ्या आणि चारही एकदम बदला. दोन जुने आणि दोन नवे असं कधीच करू नका.

कार्ड चालत नसेल तर सरसकट नवं कार्ड बनवत बसू नका. एकच कार्ड एका दाराला चालत नसेल, तर दोष कार्डात. सगळी दारं उघडणाऱ्या मास्टर कार्डासकट कुठलंच कार्ड एका दाराला चालत नसेल, तर कुलपात. आणि नव्याने बनवलेलं कार्ड कुठल्याच दाराला चालत नसेल, तर रिसेप्शनवरच्या संगणकाची तारीख बघा. ही बहुतेक कुलपं इंटरनेटला जोडलेली नसतात. प्रत्येकात स्वतःचं घड्याळ असतं आणि कार्डावर चेक-इन, चेक-आउटची वेळ लिहिलेली असते. संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि तिथे बनवलेलं प्रत्येक कार्ड कुलपाच्या दृष्टीने केव्हाच मुदत संपलेलं असतं. शंभर रुपयांच्या आतल्या त्या सेलपायी मी एका हॉटेलात अख्खी संध्याकाळ सगळे पाहुणे लॉबीत बसलेले पाहिलेत. बॅटऱ्या बराच वेळ काढून ठेवल्या तर कुलपाचंही घड्याळ चुकू शकतं. मग ते कंपनीच्या हँडसेटने किंवा टाइम कार्डाने परत लावावं लागतं. ही दोन्ही साधनं रिसेप्शनवरच हवीत.

"मोबाइलजवळ ठेवलं म्हणून कार्ड खराब झालं" असं अजूनही पाहुण्यांना सांगतात. काळ्या पट्टीच्या जुन्या कार्डांचं तसं व्हायचं. आता टेकवायची कार्डं असतात, ती मोबाइलने पुसली जात नाहीत. पण पाकिटात मेट्रोचं कार्ड आणि खोलीचं कार्ड एकत्र असेल तर कुलूप गोंधळतं. कार्ड पाकिटातून काढून लावायला सांगा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. जिन्याच्या किंवा मागच्या दाराला चुंबकी कुलूप लावलं असेल, तर आगीचा अलार्म वाजताच आणि वीज जाताच ते आपोआप सुटलं पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत चौदा जीव गेले. बाहेर पडायची वाट मोकळी असणं म्हणजे काय, हे या शहराला वेगळं सांगायला नको. दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचा फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) भरताना ही चाचणी प्रत्यक्ष करून बघा. नुसती सही नको.

कार्ड काढलं की वीज बंद : आणि फ्रीजही?

वीज वाचवायला दाराशेजारी कार्ड खोचायचा स्विच बसवतात. कल्पना चांगली आहे. चूक होते वायरिंगमध्ये, सगळी खोली एकाच लाइनवर टाकली जाते. परळ-दादरच्या हॉटेलांत पेशंटचे नातेवाईक उतरतात आणि फ्रीजमध्ये औषधं ठेवतात. इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. माणसं दिवसभर हॉस्पिटलमध्ये आणि खोलीतला फ्रीज बंद, असं होता कामा नये. फ्रीज आणि एक चार्जिंग पॉइंट स्विचच्या बाहेर काढा. इलेक्ट्रिशियनचं थोडंसं काम आहे, पण ते भिंत रंगवायच्या आधी करायचं असतं.

पावसाळ्यात आणखी एक प्रश्न येतो. जुलैमध्ये बंद खोलीत एसी सलग दोन-तीन दिवस चालला नाही तर गादीला आणि कपाटाला कुबट वास येतो, भिंतीवर बुरशी धरते. एसी मोबाइलवरून चालत असेल तर रिकाम्या खोलीत रोज तासभर "ड्राय"वर लावा. वीज वाचली, पण पाहुण्याने वासावरून खोली बदलून मागितली, तर हिशेब कुठे जमला?

वाय-फाय : "नेट चालत नाही" म्हणजे नेमकं काय?

पाहुणा म्हणतो नेट चालत नाही. मालक इंटरनेटवाल्याला फोन करून शंभरऐवजी दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतो. महिन्याभरात तक्रार पुन्हा तीच.

फोन "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" म्हणून अडकत असेल तर स्पीडचा काही संबंध नाही. साध्या राउटरकडे उपकरणांना वाटायला असे साधारण अडीचशे पत्ते (आयपी ॲड्रेस) असतात आणि दिलेला पत्ता तो बहुतेक वेळा चोवीस तास राखून ठेवतो. चाळीस खोल्या, खोलीत दोन माणसं, माणशी दोन उपकरणं, म्हणजे एकशे साठ. दुपारी बाराला ते गेले आणि दोन वाजता नवे एकशे साठ आले, पण जुन्यांचे पत्ते उद्यापर्यंत अडकलेले. संध्याकाळी पत्ते संपतात आणि शेवटी आलेले पाहुणे कोरडे राहतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) चार तासांवर आणा. पैसा लागत नाही.

जुन्या इमारतींच्या जाड भिंतींतून सिग्नल जात नाही, हे खरंच आहे. फोर्ट, ग्रँट रोडच्या दगडी बांधकामात कॉरिडॉरमधला एक वाय-फाय बॉक्स चार खोल्यांनाही पुरत नाही. पण उपाय म्हणून जास्त बॉक्स लावून ते सगळे एकाच चॅनेलवर ठेवले, तर ते एकमेकांवरच ओरडत बसतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे आहेत. शेजारशेजारच्या बॉक्सना हे वाटून द्या.

आणखी एक फार होणारी चूक. पाहुण्यांचा पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या सकाळी सगळे एसी, टीव्ही, दिवे "ऑफलाइन"! कारण तेही त्याच वाय-फायवर होते. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं, यंत्रांचं वेगळं, बिलिंगचं वेगळं. वेगळं न केल्यास धोकाही आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलची बातमी गाजली: खंडणीखोर हॅकरांनी संगणक बंद पाडले आणि नवी कार्डं बनवता येईनात. पाहुणे आत अडकले नाहीत, कारण दार आतून हाताने उघडत होतं. कार्ड बनवणाऱ्या संगणकावर दुसरं काहीही नको. रात्रपाळीत पिक्चर बघायला वेगळा टॅब द्या, पोरगंही खूश राहील.

वीज गेली तर काय?

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी यूपीएसवर काय हवं? राउटर, नेटवर्क स्विच (नेटच्या तारा वाटून देणारा बॉक्स), रिसेप्शनचा संगणक, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. टीव्ही नको. वीज परत आल्यावर सगळं एकदम चालू झालं की नेट अडकतं. आधी इंटरनेटवाल्याचा बॉक्स, दोन मिनिटांनी राउटर, मग स्विच, मग कॉरिडॉरमधले बॉक्स, या क्रमाने चालू करा. रेकॉर्डरची वेळही तपासा. पोलिसांनी फुटेज मागितलं आणि त्यावर चुकीची तारीख असली, तर प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसावं लागतं. दादर, जुहूसारख्या समुद्राजवळच्या भागात बाहेरच्या कॅमेऱ्यांची जोडणी खाऱ्या हवेने हिरवी पडते. पावसाळ्याआधी आणि नंतर ती उघडून पुसा.

स्वयंपाकघर

गॅसचा डिटेक्टर हा जिवाचा विषय आहे आणि इथली चूक मी वारंवार पाहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. पाइपचा गॅस हलका असतो, तो वर जातो; डिटेक्टर छताच्या फूटभर खाली हवा. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला आणि डिटेक्टर जुन्याच जागी राहिला, तर तो भिंतीवर लावलेला नुसता दिवा आहे. डिटेक्टर कोणत्या गॅससाठी बनवला आहे, तेही बघा.

ऑर्डरच्या चिठ्ठीचा प्रिंटर भट्टीजवळ थर्मल लावू नका. उष्णतेने कागद काळा पडतो आणि आचाऱ्याला काही वाचता येत नाही. तिथे रिबनवाला प्रिंटर घ्या.

बुकिंग, कर आणि आधार कार्ड

चॅनेल मॅनेजर (सगळ्या बुकिंग साइटवरचा खोल्यांचा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) असूनही एकच खोली दोघांना जाते, कारण फोनवरचं बुकिंग वहीत लिहिलं जातं आणि सिस्टीममध्ये रात्री चढवलं जातं. फोन ठेवायच्या आधी ते सिस्टीममध्ये गेलं पाहिजे. दुसरा उपाय नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून घ्यायची सोय) मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जुना दर राहिला नाही ना, हे बघा. आणि कुलपं, कॅमेरे घेताना कोटेशनमधला जीएसटी खर्चातच धरा, तो परत मिळणार नाही. तुमच्या सीएशी एकदा बोलून घ्या.

आधारबद्दल मला फार काळजी वाटते. रिसेप्शनवरचा मुलगा पाहुण्याच्या आधारचा फोटो स्वतःच्या फोनवर काढतो आणि हॉटेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तो मुलगा सहा महिन्यांनी नोकरी सोडतो, फोटो त्याच्याबरोबर जातात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा, किंवा दुसरं ओळखपत्र घ्या. फोटो हॉटेलच्याच यंत्रावर काढा. चेक-आउटला स्मार्ट टीव्हीवरची पाहुण्यांची खातीही लॉग-आउट करा. मावशींच्या खोली आवरायच्या यादीत "चादर बदला"च्या खालीच ही ओळ लिहिली, की ती विसरली जात नाही.

परळच्या त्या लॉजमध्ये आता रिसेप्शनच्या खणात एक स्टीलचा डबा असतो. त्यात नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आठ अल्कलाइन सेल, मदरबोर्डचा एक सेल, राउटरचा जास्तीचा ॲडॅप्टर आणि सीलबंद पाकिटात आपत्कालीन किल्ली. किल्ली वापरली की पाकिटावर वेळ आणि सही करायची. झाकणाच्या आतल्या बाजूला काय बिघडल्यावर काय करायचं ते मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटवलंय. मी टाइप करून देणार होतो, पण त्या रात्रपाळीच्या पोराने ते स्वतःच्या हाताने लिहिलं. पहिली ओळ अशी आहे: "आधी पाहुण्याला खुर्ची द्या."